केंद्रशासित प्रदेश आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

भारतात २८ राज्ये आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत, हे वाक्य स्पर्धा परीक्षांचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. राज्य म्हणजे काय, हे त्याला बऱ्यापैकी ठाऊक असते. केंद्रशासित प्रदेश म्हणजे काय, असे विचारले तर मात्र बहुधा एका ओळीत उत्तर येते : जेथे केंद्राचा थेट कारभार चालतो तो प्रदेश. हे उत्तर चूक नाही, पण तेथे राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला नेमके काय येते, हे त्यातून मुळीच कळत नाही. केंद्र सरकारच्या सेवेत मला आता तीस वर्षे होत आली. त्यांपैकी काही वर्षे या प्रदेशांच्या अंदाजपत्रकांशी आणि योजनांशी माझा रोजचा संबंध होता. त्या निमित्ताने लेहपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत (२०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम आहे) हिंडणेही झाले. या काळात एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम थोडा इतिहास. राज्यकर्त्याने काही भाग सर्वसाधारण व्यवस्थेबाहेर ठेवून थेट आपल्या हाताखाली घ्यावेत, ही कल्पना स्वतंत्र भारताची नव्हे. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे अधिनियमाने ब्रिटिशांनी असे अनेक भाग वेगळे काढले होते, आणि पुढे दिल्ली, अजमेर-मेरवाडा, कूर्ग, अंदमान हे ‘चीफ कमिशनरचे प्रांत’ म्हणून ओळखले जात. राज्यघटना लागू झाली तेव्हा राज्यांचे ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असे वर्ग होते आणि अंदमान-निकोबार तेवढे ‘ड’ वर्गात होते. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. ‘क’ वर्गातील बहुतेक लहान राज्ये शेजारच्या मोठ्या राज्यांत विलीन करावीत आणि अगदी मोजके भाग केंद्राकडे ठेवावेत, असा त्याचा रोख होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ‘संघ राज्यक्षेत्र’ हा नवा वर्ग जन्मास आला. त्यात तेव्हा दिल्ली, हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप असे सहा प्रदेश होते.

या यादीकडे आज पाहिले की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की हिमाचल (१९७१), मणिपूर आणि त्रिपुरा (१९७२), पुढे मिझोरम, अरुणाचल आणि गोवा (१९८७) हे या वर्गातून बाहेर पडून राज्ये झाले. म्हणजे हा दर्जा अनेकांसाठी प्रतीक्षालयासारखा होता. दुसरी अशी, की जे आत राहिले किंवा नंतर आले, त्यांना एकत्र बांधणारे असे काहीच नाही. चंडीगड केंद्राकडे आले ते पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांचा राजधानीवरील दावा १९६६ मध्ये मिटला नाही म्हणून. पुदुच्चेरी आली ती फ्रेंचांकडून, दमण-दीव पोर्तुगीजांकडून. लक्षद्वीपचे कारण समुद्र, लडाखचे कारण सीमा, दिल्लीचे कारण राजधानी. २०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ६८ लाख होती आणि लक्षद्वीपची ६४,४७३. एक दुसऱ्याच्या २६० पट! या दोहोंना एकच नाव देणे ही कायद्याची सोय आहे, त्यात शासनाचा काही विचार आहे असे म्हणवत नाही.

लहान आहेत म्हणून केंद्राकडे ठेवले, असे पुष्कळदा सांगितले जाते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हा युक्तिवाद प्रथमदर्शनी पटतो. विधिमंडळ, सचिवालय, लोकसेवा आयोग यांचा स्थिर खर्च थोड्या लोकसंख्येवर पडला की तो दरडोई भारी होतो. पण हा निकष आपण स्वतःच पाळलेला नाही. २०११ मध्ये सिक्कीमची लोकसंख्या ६ लाख १० हजार होती आणि ते १९७५ पासून पूर्ण राज्य आहे. चंडीगडची लोकसंख्या साडेदहा लाखांवर होती आणि तेथे विधानसभा नाही. तेव्हा आकारमान हे खरे कारण नव्हे. खरे कारण प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे, आणि ते कोठे लिहून ठेवलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या प्रदेशांची उपेक्षा होते, त्यांना पैसा मिळत नाही, असा समज बाळगून मी त्या कामावर रुजू झालो होतो. विधानसभा नसलेल्या पाच प्रदेशांपुरता तरी तो समज टिकला नाही. त्यांचा खर्च थेट भारताच्या संचित निधीतून होतो, त्यांच्या मागण्या केंद्रीय अंदाजपत्रकात असतात, आणि दरडोई पाहता अनेक राज्यांना हेवा वाटावा अशी तरतूद तेथे होते. रस्ते, दवाखाने, शाळांच्या इमारती पाहिल्या की ते दिसतेही. विधानसभा असलेल्यांची गोष्ट जरा निराळी आहे. वित्त आयोग घटनेच्या २८० व्या अनुच्छेदानुसार संघ आणि राज्ये यांच्यातील वाटप ठरवतो. दिल्ली आणि पुदुच्चेरी राज्ये नसल्यामुळे त्या वाटपात बसत नाहीत. केंद्रीय करांतील वाट्याच्या बदल्यात दिल्लीला २००१-०२ पासून वर्षानुवर्षे ३२५ कोटी रुपये हाच आकडा मिळत राहिला. शहर वाढले, कर वाढले, आकडा हलला नाही. उलट वस्तू व सेवा कराच्या प्रकरणात याच दोन प्रदेशांना घटनेने ‘राज्य’ मानले आणि परिषदेत मत दिले. जम्मू-काश्मीर २०१९ मध्ये राज्य राहिले नाही, तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा एकत्रित वाटा ४२ टक्क्यांवरून ४१ टक्के केला. एकच प्रदेश एका कलमासाठी राज्य आणि दुसऱ्या कलमासाठी राज्य नाही, अशी ही अवस्था आहे.

मात्र माझा प्रश्न पैशाचा नाही. तो स्पष्ट व्हावा म्हणून एक प्रसंग सांगतो. एका बेटावरील जेटी मोडकळीस आली होती. आठवड्यातून काही वेळा येणारी बोट, तिच्यातून उतरणारे रुग्ण, भाजीपाला, गॅसच्या टाक्या, सारे त्या जेटीवर अवलंबून होते. दुरुस्तीचा प्रस्ताव पावसाळा संपताच वेळेवर निघाला. रक्कम स्थानिक प्रशासनाच्या अधिकाराबाहेरची असल्याने तो वर गेला. एका टेबलावर प्रवाशांच्या संख्येचा खुलासा मागितला गेला, तो आला. दुसऱ्या टेबलावर दरसूची कोणत्या वर्षाची धरली अशी विचारणा झाली, तिचेही उत्तर आले. मंजुरी निघाली तेव्हा एप्रिल सरत आला होता. समुद्र खवळला, कामाचा हंगाम गेला. पुढच्या हंगामात दर बदलले होते, म्हणून सुधारित अंदाजपत्रक पुन्हा वर गेले. ती सगळी नस्ती मी पुढे वाचली. तिच्यातील प्रत्येक टिपणी नियमाला धरून होती. पैसा तर पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता. पण त्या लांब साखळीत असा एकही माणूस नव्हता, की जेटी झाली नाही म्हणून ज्याची खुर्ची जाणार होती.

राज्यातही फायली अडतात, हे मला मान्य आहे. परंतु राज्यात अडलेल्या फायलीमागे कोणी ना कोणी आमदार हात धुऊन लागतो, कारण पाच वर्षांनी त्याला त्याच बोटीने मते मागायला जायचे असते. विधानसभा नसलेल्या पाच प्रदेशांची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे साडेतेवीस लाख होती. त्यांचे मिळून लोकसभेत सहा खासदार आहेत आणि राज्यसभेत एकही नाही. चंडीगड वगळता त्या प्रदेशांसाठी घटनेच्या २४० व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपतींच्या नावाने विनियम निघू शकतात, आणि त्यांचे बळ संसदेच्या कायद्याइतकेच असते. मसुद्यावर स्थानिक पातळीवर चर्चा व्हावी अशी सभा तेथे नसते. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. आमच्यातील बहुतेक जण मनापासून काम करतात, हे मी जवळून पाहिले आहे; परंतु त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणारा माणूस दिल्लीत बसलेला असतो, जेटीवर उभा नसतो.

दादरा-नगर हवेलीइतके याचे बोलके उदाहरण दुसरे नाही, आणि मराठी वाचकांना ते जवळचेही आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हा भाग पोर्तुगीजांकडून मुक्त केला. संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे अनेकांना माहीत असेल. त्यानंतर सात वर्षे तो भाग ना पोर्तुगालचा, ना रीतसर भारताचा. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता आणि त्याचा निकाल १९६० मध्ये लागला. त्या काळात कारभार पाहिला तो तेथल्या वरिष्ठ पंचायतीने. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला त्या प्रदेशाचा कोणी प्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तेथील ‘पंतप्रधान’ करण्यात आले. पुढे दहाव्या घटनादुरुस्तीने तो केंद्रशासित प्रदेश झाला. परकी सत्ता गेली, जगातील सर्वांत मोठ्या लोकशाहीत प्रवेश झाला, आणि ज्या प्रदेशाने सात वर्षे आपला कारभार आपल्या पंचायतीमार्फत पाहिला होता, त्याचे निर्णय दूर राजधानीत होऊ लागले.

सिल्वासाच्या एका दौऱ्यात एका निवृत्त शिक्षकांची भेट झाली. वारली समाजातले, वय सत्तरीच्या आसपास. मराठी स्वच्छ बोलत होते. योजनांविषयी त्यांची तक्रार नव्हती. म्हणाले, “साहेब, माझी बहीण पलीकडे तलासरीत दिलेली आहे. तिच्या गावात बंधाऱ्याचं काम अडलं, की तिचा नवरा चार माणसं घेऊन आमदाराच्या दारात जाऊन बसतो. आम्ही बसायचं ठरवलं तर कोणाच्या दारात बसायचं, तेवढं सांगा.”

मी म्हणालो, “गुरुजी, तुमच्याकडे जिल्हा पंचायत आहे, खासदार आहेत.”

“आहेत ना,” ते म्हणाले. “पंचायत म्हणते, आमच्या हातात नाही. खासदार एकटे, ते दिल्लीत विचारतात. दिल्लीतून उत्तर येतं, की प्रशासनाकडून माहिती मागवली आहे. प्रशासन तर इथंच आहे हो!”

त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती, जी मला नंतर कायद्याची पुस्तके चाळताना उमगली. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा हे महाराष्ट्रातील तालुके पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहेत. गुजरातेतील कपराडा, धरमपूर हेही तसेच. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि आदिवासींच्या ग्रामसभेला निदान कागदावर तरी मोठे अधिकार आहेत. या दोहोंच्या मधोमध असलेल्या दादरा-नगर हवेलीत २०११ मध्ये निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती, पण ते अनुसूचित क्षेत्र नाही. पाचवी अनुसूची लागू आहे ती दहा राज्यांत; एकाही केंद्रशासित प्रदेशात अनुसूचित क्षेत्र नाही. भाऊ आणि बहीण, एकच समाज, एकच बोली, आणि मध्ये एक सीमारेषा. बहिणीला ग्रामसभेचे विशेष अधिकार, आमदार आणि विधान परिषद. भावाला यांपैकी काही नाही.

लडाखची कथा याच सूत्राची पुढची कडी आहे. आपण श्रीनगरच्या कारभारात दुर्लक्षित राहतो, म्हणून केंद्रशासित दर्जा हवा, ही लेहची जुनी मागणी होती. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी ती पूर्ण झाली आणि लेहमध्ये आनंद झाला. कारगिलमध्ये मात्र विरोध होता. पण जुन्या राज्याच्या विधानसभेत लडाखचे चार आमदार होते, ते गेले. राहिल्या त्या लेह आणि कारगिलच्या पर्वतीय विकास परिषदा आणि एक खासदार. काही काळातच लेह आणि कारगिल, ज्यांचे एरवी फारसे पटत नसे, एकत्र येऊन राज्याचा दर्जा आणि सहावी अनुसूची मागू लागले. जून २०२५ मध्ये विनियम काढून स्थानिकांसाठी नोकऱ्यांत ८५ टक्के आरक्षण देण्यात आले. तरीही २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि चार जणांचा जीव गेला. त्या दिवसाच्या घटनांचा न्यायनिवाडा करणे माझे काम नाही. मला दिसते ते एवढेच, की श्रीनगरपासून सुटका मागणाऱ्या माणसाला खरे तर निर्णय आपल्या जवळ यावेत असे हवे होते. ते आणखी दूर गेले. वॉलेस ओट्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये जे मांडले, की स्थानिक गरजा जेथे भिन्न असतात तेथे निर्णय स्थानिक पातळीवर होणे अधिक हिताचे, ते मी पुस्तकात कधीच वाचले होते; लेहमध्ये ते लोकांच्या तोंडून ऐकले.

दुसरी बाजू मांडली नाही तर हा लेख एकांगी होईल. केंद्राचे थेट शासन काही ठिकाणी उपयोगी पडले आहे. अंदमानात आदिम जमातींच्या संरक्षणाचा विनियम १९५६ मध्येच निघाला. सेंटिनेलींना मते नाहीत, त्यांचा प्रतिनिधी नाही. जमिनीची भूक असलेल्या बहुसंख्य वसाहतदारांची विधानसभा तेथे असती, तर तो विनियम तसाच टिकला असता याची खात्री मला देता येत नाही. दादरा-नगर हवेलीतही जमीन सुधारणेचा विनियम १९७१ मध्ये आला. म्हणजे दूरचे सरकार कधी कधी दुर्बळांना जवळच्या बलवानांपासून वाचवते, हे मान्य केलेच पाहिजे.

दिल्लीचा प्रश्न तर स्वतंत्रच आहे. राष्ट्राची राजधानी एका राज्य सरकारच्या स्वाधीन करता येत नाही, हे बालकृष्णन समितीने १९८९ मध्ये म्हटले आणि ते समंजस होते. त्यातून ६९ वी घटनादुरुस्ती झाली. विधानसभा मिळाली, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडे राहिले. पुढे अधिकाऱ्यांवर नियंत्रण कोणाचे, यावर खटले झाले. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अधिकारी मंत्र्यांना, मंत्री विधानसभेला आणि विधानसभा जनतेला जबाबदार, ही साखळी तुटता कामा नये. आठ दिवसांत वटहुकूम निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. त्या वादाच्या गुणदोषांत शिरणे सेवेतील माणसाला शोभत नाही. पण न्यायालयाने वर्णन केलेली ती साखळी विधानसभा नसलेल्या पाच प्रदेशांत मुळातच नाही, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

मग करावे काय? सर्वांना राज्याचा दर्जा द्यावा, असे मी म्हणणार नाही. ६४ हजारांच्या बेटांना ते झेपणार नाही. पण तीन गोष्टी घटनेला हात न लावता होऊ शकतात असे मला वाटते. एक, अमुक प्रदेश केंद्राकडे का आहे, याचे कारण संसदेपुढे लेखी मांडावे आणि ते अजून लागू आहे की नाही, याचा दर दहा वर्षांनी आढावा घ्यावा. दोन, कोणत्याही विनियमाचा मसुदा स्थानिक भाषेत प्रसिद्ध करून तेथील निवडून आलेल्या पंचायतींपुढे आणि परिषदांपुढे ठेवल्याशिवाय तो वर पाठवू नये. २०२१ मध्ये लक्षद्वीपच्या प्रस्तावित विनियमांवरून केवढे काहूर माजले, ते आठवावे. केरळच्या विधानसभेला त्यावर ठराव करावा लागला, कारण लक्षद्वीपला स्वतःची विधानसभा नव्हती. तीन, ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांची अंतिम मंजुरी स्थानिक निर्वाचित संस्थेच्या संमतीने तेथेच व्हावी आणि दिरंगाई झाल्यास तिचे कारण त्या संस्थेपुढे मांडणे प्रशासनावर बंधनकारक असावे. यातील कशालाही फारसा पैसा लागत नाही.

गोव्याचे उदाहरण येथे आठवते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांपुढे दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीन व्हा, नाहीतर केंद्रशासित राहा. ३४,०२१ मतांच्या फरकाने त्यांनी दुसरा पर्याय निवडला. त्याबद्दल महाराष्ट्रात त्या वेळी हळहळ झाली. पण लोकांना विचारले गेले, त्यांनी उत्तर दिले आणि ते मानले गेले. त्यांच्याकडे विधानसभा होती, म्हणून पुढची वीस वर्षे ते आपले म्हणणे मांडत राहू शकले, आणि ३० मे १९८७ रोजी राज्य झाले. प्रतीक्षालयात बसलेल्या माणसालाही आवाज असला की त्याची गाडी कधीतरी येते.

मराठीत आपण सहज ‘केंद्रशासित’ म्हणतो. घटनेच्या मराठी आवृत्तीतील शब्द ‘संघ राज्यक्षेत्र’ असा आहे, आणि मला तो अधिक बरोबर वाटतो. शासित म्हणजे ज्याच्यावर कोणीतरी राज्य करते तो. संघात मात्र प्रत्येक जण भागीदार असतो, आणि भागीदाराला हिशोब विचारण्याचा हक्क असतो. साडेतेवीस लाख लोकांना तो हक्क आज अंशतःच आहे. पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा आपण सत्तर वर्षांत उभी केली. त्यांच्या प्रश्नाला त्यांच्याच गावात उत्तर देणारी यंत्रणा उभी करायचे काम अजून शिल्लक आहे.